बाहेरचा वकील

अफिफाचा अकिका झाला ते वर्ष, दोन हजार एकवीस. त्या विधीत लेकीचं जावळ काढून आठवडाही झाला नव्हता, आणि असलम वकील मारुंजीत सारजाबाईंच्या ओट्यावर उकिडवा बसून त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकत होता.

“हलू नका, मावशी.”

“डोळा हाय माझा, रांजण न्हाई. किती वततोस?”

पिरंगुटला त्याने स्वतःचं ऑफिस थाटलं त्याला वर्ष होत आलं होतं. काम मागायचं नाही, माणूस जोडायचा; जोडलेला माणूस एक दिवस आपणहून काम घेऊन येतो, असं त्याने मनाशी धरलं होतं. म्हणून तो कुणाच्या लग्नात वाढायला उभा राहिला, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात घेऊन गेला, सातबारे वाचून दाखवले, अर्ज लिहून दिले, आणि एका रुपयाला हात लावला नाही. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते पौडचे बंडोपंत वकील, तो निघाला तेव्हा हसले होते.

“जा बाबा. तुझी खुर्ची मोडीत काढत नाही मी.”

घरी बायको, रुही, म्हणायची, “साऱ्या मारुंजीचे भाचे झालात. वकील कधी होणार?”

आज ती वेळ आली होती. सारजाबाईंच्या पुतण्याने त्यांच्या रस्त्याकडेच्या वावराला परस्पर कुंपण घातलं होतं. आता कोर्टाशिवाय गत नाही, हे गावात सगळे बोलत होते. असलमच्या बॅगेत कोरं वकीलपत्र होतं. हा दावा हाती आला तर ऑफिस टिकणार होतं, नाहीतर कुलूप.

सारजाबाईंनी पदराने डोळे टिपले.

“लेकरा, येक काम हाय. मला येक वकील बघून दे.”

असलमचा हात बॅगेच्या चेनवर थांबला.

“खमक्या बघ. बाहेरचा. पैसं मोजलं की त्येला खडसावता येतं. तारखेला न्हाई आला तर चार शिव्या घालता येत्यात. तुला कुटल्या तोंडानं बोलू मी? तू तर घरचा. घरच्याला कुनी मजुरी देतं व्हय?”

त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि त्याच्यापुढे सरकवला. मावशी, मीच लढतो, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढं म्हटलं की वर्षभराच्या सगळ्याची किंमत त्या ओट्यावर मांडली जाणार होती. चहा संपला तरी तो बशी धरून बसला.

“बंडोपंत हायेत पौडचे,” शेवटी तो म्हणाला. “लई खमके.”

“बघ! म्हनून तुला इचारलं.”

दिवाळीआधी पिरंगुटच्या ऑफिसला कुलूप लागलं. पौडला बंडोपंतांनी खुर्ची पुसून ठेवली होती.

“मारुंजीचा दावा आलाय. लिही तू. सही माझी.”

असलमने लिहिला. सारजाबाई तारखेला यायच्या, बंडोपंतांना मनसोक्त खडसावायच्या, आणि मग बाहेर बाकावर असलमशेजारी टेकून मान वर करायच्या. तो खिशातली बाटली काढायचा.

“माज्यासाटी इतक्या लांब येतोस,” त्या म्हणायच्या. “तुला तुजी कामं न्हाईत व्हय रं?”

“हलू नका, मावशी.”

सारजाबाई दोन हजार चोवीसच्या किंक्रांतीला वारल्या. दावा तेव्हा चालूच होता.