कोळ्याचा ओळंबा

मामाच्या दुकानातला एक कोपरा कधीच झाडला जात नसे. मागच्या खिडकीच्या वरचा, डाव्या हाताचा. जमीन मोजायची जुनी यंत्रं दुरुस्त करणं हा मामाचा धंदा. दुकानातलं पितळ लखलखीत, भिंगं लखलखीत, हत्यारं उंचीप्रमाणे टांगलेली, आणि तेवढ्या एका कोपऱ्यात जळमटांचं राज्य. एखाद्या गिऱ्हाइकाने तिकडे पाहून नाक मुरडलं की मामा सांगायचा, "तिथे माझे कामगार राहतात."

ते खोटं नव्हतं. कोन मोजायच्या जुन्या थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावला की दोन बारीक रेघांची फुली दिसते. समोरचा खांब, गच्चीचा कोपरा, जे काही मोजायचं ते त्या फुलीवर आणायचं आणि मग कोन वाचायचा. ही फुली म्हणजे कोळ्याचे दोन धागे असतात. माणसाचा केस तिथे बसवला तर आत दोरखंड टांगल्यासारखा दिसेल. कोळ्याचा धागा त्याच्या विसाव्या हिश्शाएवढा जाड, गोल आणि सगळीकडे सारखा. मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन नोकरी मिळेपर्यंत मामाकडे बसायला लागले, त्याला हेही एक कारण होतं. मामा मला प्रोफेसर म्हणायचा, आणि त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मी कधी मोजलं नाही.

बुधवारी अभियांत्रिकी कॉलेजच्या मोजणीच्या मॅडम एक थिओडोलाइट घेऊन आल्या. उभी रेघ तुटली होती, आडवी शाबूत होती. मामाने पेटी उघडली आणि आतल्या पितळेवरून बोट फिरवलं. याच यंत्रावर तो विशीत काम शिकला होता. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं की कॉलेजात आता पडद्यावर आकडे दाखवणारी यंत्रं आली आहेत आणि या म्हाताऱ्या यंत्रासाठी प्रवेशद्वाराशी काचेचं कपाट ठरलं आहे. दोन वर्षं त्या प्राचार्यांशी यावरून भांडत होत्या. शुक्रवारी चारला येईन, म्हणाल्या. तोवर रेघ बसली तर सोमवारपासून मुलं यावर शिकतील, नाही तर पाटी लावून कपाटात.

"कपाटात नाही जाणार," मामा म्हणाला. त्या गेल्यावर तो तेच वाक्य पुन्हा म्हणाला, पण या वेळी यंत्राला.

गुरुवारी सकाळी आम्ही दुकान उघडलं तर कोपरा स्वच्छ. नुसता स्वच्छ नाही, पुसलेला. कॉलेजच्या मॅडम येऊन गेल्या आणि परत येणार आहेत हे कळल्यावर मामीने आदल्या संध्याकाळी हातासरशी खिडकीही साफ करून टाकली होती. वीस वर्षं तिने तो कोपरा सहन केला होता. पण बाहेरची बाई, तीही शिकवणारी, आपल्याबद्दल काय म्हणेल? मामा ओरडला नाही. स्टुलावर बसून वर बघत राहिला. मामीला ओरडणं परवडलं असतं.

"अहो, बोला तरी काही," ती म्हणाली. "तुमच्या कोळ्यांना मी काही मारलं नाही. झाडूवर घेऊन बाहेर सोडलंय सगळ्यांना."

"कुठे?"

"आता त्यांचा पत्ता मी लिहून घ्यायला हवा होता का?"

मग शोध माझ्याकडे आला. न्हाणीघरातले लांब पायांचे, हात लावला की थरथरणारे कोळी मामाने पाहताक्षणी नापास केले. त्यांचा धागा फारच बारीक. शेवटी सायकली लावायच्या जागेमागच्या कुंपणात मला हवी ती मादी सापडली. तपकिरी, वाटाण्याएवढ्या पोटाची, चाकासारख्या गोल जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसलेली. तिला मी बरणीत घेतलं. जाळं इतकं सुरेख होतं की तेही सोडवेना. तारेच्या दुबेळक्यावर, म्हणजे दोन फाट्यांच्या बेचक्यावर, त्याच्या गोल फेऱ्यांमधला एक लांब धागा अलगद उचलला आणि विजयी मुद्रेने दुकानात आले.

मामाने तो बसवायला दुपार घालवली. गेल्या हिवाळ्यापासून त्याचा उजवा हात थरथरतो. मनगट टेकलेलं असलं की थरथर थांबते, म्हणून तो टेबलाच्या कडेवर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर हात टेकवतो. दुर्बिणीत जे पितळी कडं ही फुली धरून ठेवतं, त्याच्यावरच्या दोन खाचांत धागा बसला, दोन्ही टोकांना लाखेचे टाचणीच्या डोक्याएवढे थेंब पडले. त्याने दुर्बिणीत पाहिलं आणि मला जागा करून दिली.

"बघ, प्रोफेसर. मोत्यांची माळ."

खरंच माळ होती. आडव्या रेघेवर एक उभी रेघ आणि तिच्यावर ओळीने चमकणारे थेंब. जाळ्याच्या गोल फेऱ्या चिकट असतात, त्यांवर डिंकाचे थेंब असतात आणि त्यांनीच किडे अडकतात. कोळी स्वतः लोंबकळतो तो धागा वेगळा, कोरडा आणि मजबूत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. मी मामाला तसं सांगितलं, तर तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला मात्र हसू येईना, कारण गुरुवार संपला होता.

शुक्रवारी मामाची पद्धत. कोळी काडीवर ठेवायचा, काडी उंच धरायची, कोळी घाबरून उडी टाकतो आणि मागे धागा सोडत खाली येतो. त्याच्या वजनाने धागा ताणलेला राहतो. मग दुबेळक्याच्या दोन्ही टोकांना डिंक लावून ते बाजूने त्या धाग्याला टेकवायचं, वीस मोजायचे आणि वरून-खालून कापायचं. काडी मामाने धरली. हात अधांतरी, त्यामुळे थरथर सुरू. खाली कोळी झोके घेऊ लागला आणि धागा दुबेळक्याला नको तिथे चिकटला. तीनदा असंच झालं. मी काडी धरली तर दुबेळकं मामाकडे, आणि तेही अधांतरीच. मामी बहिणीकडे गेली होती, निदान तसं सांगून गेली होती. चौथ्या वेळी कोळी उडी टाकायलाच तयार होईना. तेवढ्यात दार वाजलं. साडेतीनच झाले होते, पण मॅडम आल्या होत्या.

मामाने उभं राहून खरं ते सांगितलं. झालं नाही. धागा तुमच्यासमोरच काढायचा आहे, आणि काडी स्थिर धरायला एक माणूस कमी आहे.

मॅडमनी पर्स ठेवली. वाऱ्यात दहा फुटी मोजपट्टी केसाएवढीही न हलवता उभी धरणं हे त्यांचं रोजचं काम. हात पुढे करून त्यांनी काडी मागितली. मग काडीच्या टोकाला काय आहे ते त्यांना दिसलं.

"हे झुरळ आहे की..."

"कोळी," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. रानात बूट झटकून विंचू बाहेर काढणाऱ्या या बाईंना कोळ्याची भीती वाटते, असं त्यांनी नंतर सांगितलं, त्या क्षणी त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला पाय किती आहेत ते मला सांगू नकोस."

त्या स्टुलावर चढल्या. काडी धरली. काडी जणू भिंतीत बसवलेली. कोळी मात्र खाली उडी टाकायचं सोडून काडीवरून सावकाश मॅडमच्या बोटांकडे निघाला. एक वीत अंतर राहिलं. मग चार बोटं. मॅडमचे डोळे गच्च मिटलेले, हात जागचा हलत नव्हता.

"फुंकर घाला," मी म्हणाले. "जोरात."

त्यांनी डोळे न उघडताच फुंकर घातली. कोळी सुटला आणि हातभर खाली येऊन थांबला, हवेत लटकत. मॅडमनी एक डोळा उघडला, मग दुसरा. त्या खाली बघू लागल्या आणि त्यांचा आवाज बदलला, मैदानावर मुलांना सूचना देताना असेल तसा झाला.

"अजून झुलतोय. थांब. हा तर ओळंबा आहे, स्थिर होऊ दे. अजून नाही. अजून नाही. आता."

मी दुबेळकं टेकवलं. पंधरापर्यंत मोजलं तोच कोळी वळला आणि धागा गुंडाळत वर यायला लागला. सतरा. अठरा. मामाची कात्री वीसला चालली. तोवर कोळी दुबेळक्यापासून बोटभर अंतरावर पोचला होता. तो खाली ठेवलेल्या बरणीत पडला. दुबेळक्यावर धागा होता. तो डोळ्यांना दिसला नाही, खिडकीच्या उजेडात चमकला तेव्हा कळलं.

पुढचं सगळं मामाने केलं. धागा गरम ओल्या फडक्याच्या वाफेवर धरला, कारण कोळ्याचा ताजा धागा पहिल्यांदा ओला झाला की आखडतो, आणि एकदा आखडून झाला की पावसाळ्यातही ढिला पडून फुली वाकडी करत नाही. मग ओला असतानाच तो ताणला, खाचांत ठेवला, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून लाखेचे दोन थेंब सोडले. मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

कडं दुर्बिणीत परत बसलं तेव्हा पावणेसहा वाजले होते. मॅडमनी यंत्र खिडकीत मांडलं, समोरच्या इमारतीच्या टाकीवरचा पाइप फुलीवर धरला, दुर्बीण उलटी फिरवली, पुन्हा धरला. कोन वाचला, परत वाचला. स्वतःशीच आकडे पुटपुटल्या. मामा मला सांगू लागला की पितळेला कुठलं तेल चांगलं, जणू त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"सोमवारी पहिला तास यावर," मॅडम म्हणाल्या. मामाने मान हलवली आणि पेटीच्या कड्या लावायला लागला. दोन्ही कड्या त्याने दोन-दोनदा लावल्या.

कोळ्याला मी कुंपणात सोडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नवीन जाळं होतं.

सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला. मामाने तो लाउडस्पीकरवर टाकला, म्हणून मामीलाही ऐकू आलं. रेघ सरळ आहे, त्यांनी सांगितलं. तास सुरू होताच एका मुलाने विचारलं की ही रेघ कशाने काढलीय, आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली, फुंकरीसकट. सहा जण दुर्बिणीपासून दोन पावलं मागे सरकले. बाकीच्या बावीस जणांनी रांग लावली, आणि तास संपला तरी ती संपली नव्हती.