चुकीच्या पानावरची पाहुणी

मी बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. पूर्वी दुकानात गोळ्या सांभाळायचे, आता जंगलाकडेच्या शेडमध्ये अळ्या सांभाळते. बढतीच म्हणायची! एक अळी तर इतकी खादाड निघाली की पानं संपवून तिनं आतली चिठ्ठी फस्त केली आणि झाकणाकडे आशेनं बघू लागली. खोटं वाटत असेल तर शेजारच्या बरणीला विचारा. ती थोडं कमी सांगेल, एवढंच.

इथे मामा अळ्या आणतात. पूर्वीचे लाकूडतोडे. त्यांची भाची वहीत लिहिते: अळी कोणती, कुठलं झाड खाते, पुढे तिचं काय होतं. नियम एकच. अळी ज्या पानावर सापडली, तेच पान तिला रोज द्यायचं.

एकदा मामांनी झुडपाच्या पानासकट निळ्या काट्यांची अळी माझ्या पोटात सोडली. सात वर्षांत अशी पहिलीच! पण बाईसाहेब पानाला तोंड लावीनात. तिसऱ्या दिवशी पार मलूल झाल्या.

"मामा, पान चुकलंय तुमचं. ही मेली तर वहीतलं पान अर्धंच राहील."

"चाळीस वर्षं झाडं ओळखतोय. आता तू मला पानं शिकव!"

"बरं, मग तुम्हीच भरवा तिला."

मामा मला काखोटीला मारून तडक त्या झुडपाकडे गेले. खाली बघितलं, मागे बघितलं, मग सहज मान वर केली. वर एक वेल, पानं कुरतडून चाळणी झालेली! वाऱ्यानं पाहुणी खाली टपकली होती.

वेलीचं पान आत पडलं आणि अळी अशी तुटून पडली की माझी काच दणाणली. वहीतलं झुडपाचं नाव मामांनी स्वतःच्या हातानं खोडलं.

आठवड्यानं तिच्या पाठीवर पांढरे दाणे उगवले.

"अगं, अंडी घातली हिनं!" मामा हरखले.

"अळी म्हणजे बाळ, मामा. बाळ कधी बाळंत होतं का? हे हिला आतून खाऊन बाहेर पडलेल्या परजीवींचे कोश आहेत."

त्यातून डासाएवढ्या एकवीस गांधीलमाश्या निघाल्या. अळी गेली. मामा पायरीवर जाऊन बसले.

"माझ्या चुकीनं उपाशी राहिली, म्हणून गेली."

"छे हो! या माश्यांची पिल्लं तिच्या पोटात आधीपासूनच होती. उलट त्या कोणाच्या जिवावर जगतात, ते तुमच्यामुळे कळलं. पण अळीचं पुढे काय होतं, ते अजून राहिलंय."

मामा उठले. आता त्यांना वेल ठाऊक होती. संध्याकाळी सात अळ्या घेऊन आले. पाच जणींना माश्यांनी खाल्लं, एक आपणहून मेली. सातवीनं माझ्या तळाशी कोश केला आणि एका सकाळी राखाडी पतंग पंख वाळवत बाहेर आला. मामा-भाची श्वास रोखून बघत होते. मीही रोखला असता, पण झाकणाला भोकं आहेत ना!

सध्या मी धुऊन उन्हात उपडी आहे. एवढंच मागते: अळी दिसली की लगेच झटकू नका, आधी ती काय खातेय ते बघा.

थांबा, वाटेवर मामांचा आवाज येतोय. "अगं, बरणी वाळली का? लवकर आण!"