कोऱ्या फ्रेम

माझ्या भावाने बाबांची दुर्बीण इतकी स्वच्छ पुसली होती, की त्याला जिन्यावरून ढकलून द्यावं असं मला वाटलं.

बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते. मी चार दिवसांची रजा काढून आले होते ती एकाच कामासाठी. बाबांनी गच्चीवर पत्र्याची एक खोली बांधली होती. तिचं छप्पर रुळांवरून मागे सरकायचं. बाबा तिला वेधशाळा म्हणत, आई डबा म्हणायची. त्या डब्यातून ते दोन हिवाळे एकाच तेजोमेघाचा फोटो काढत होते. फुलासारखा गोल, मध्ये पोकळ. दहा दहा मिनिटांच्या फ्रेम साठवत एकेचाळीस तास झाले होते.

निवृत्त होईपर्यंत बाबा छापखान्यात रंगीत यंत्रावर होते. तेजोमेघाचं कामही तसंच असतं. हायड्रोजन, गंधक आणि ऑक्सिजन, तिघांचा प्रकाश तीन वेगळ्या फिल्टरमधून टिपायचा, प्रत्येकाला एकेक रंग द्यायचा आणि तिन्ही एकमेकांवर नेमके बसवायचे. "छापखानाच आहे गं," ते म्हणायचे, "फक्त शाई लांबून येते."

राहिल्या होत्या त्या कोऱ्या फ्रेम. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ असतेच. प्रत्येक कणाची फोटोत सावली पडते, राखाडी कड्यासारखी. ती घालवायची तर काहीही न हलवता दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणायचं आणि सकाळच्या उजेडात नुसत्या पांढऱ्याचे फोटो घ्यायचे. त्यात फक्त धूळ उमटते. मग संगणक खऱ्या फोटोतून तेवढी धूळ काढून टाकतो. धूळ मात्र तीच हवी, आणि त्याच जागी हवी. शहाणी माणसं या फ्रेम दर वेळी घेतात. बाबा म्हणायचे, कॅमेरा जागचा हलत नाही, मग रोज कशाला? शेवटी सगळ्या एकदम घेऊ. त्यांच्या शेवटच्या फोनवरही तेच होतं. "झालंच आता. नुसता बनियन राहिलाय." कापड म्हणजे त्यांचा जुना बनियन.

बनियन खुंटीवर होता. धुऊन, इस्त्री करून. दुर्बीण चकाकत होती. कॅमेरा काढून, पुसून, फोमच्या खोक्यात ठेवलेला. प्रत्येक खोक्यावर दादाच्या अक्षरात चिठ्ठी.

"कोणी पुसलं हे?"

"मी. दोन रविवार घातलेत," दादा दारात उभा राहून म्हणाला. तो दवाखान्यातल्या यंत्रांची देखभाल करतो, त्यामुळे एकाही काचेवर ओरखडा नव्हता. तेवढंही कारण त्याने मला ठेवलं नव्हतं. "कॉलेजवाले पुढच्या आठवड्यात न्यायला येणारेत. घाणेरडं कसं द्यायचं?"

"मला विचारलंस?"

"धूळ पुसायला परवानगी लागते, मास्तरीणबाई?"

मी त्याला समजावून सांगितलं. शांतपणे, कारण ओरडले असते तर शब्द सापडले नसते. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला आणि मग घट्ट झाला.

"मला काय माहीत? तुम्ही दोघं बोलायचात ते. मला कधी कोणी काही सांगितलं?"

आमचा आवाज ऐकून आई जिना चढून आली. "या घरात पसारा केला म्हणून भांडणं झाली, पुसलं म्हणून पहिल्यांदाच. चाळीस वर्षं मी त्या माणसाला सांगत होते, डबा झाडा. ते गेल्यावर तरी झाडला कोणीतरी."

"आई, तू खाली जा."

"जाते. तुझ्या बापासारखंच बोलतेस तू."

बाबांची एक वही होती. तारीख, फिल्टर, किती फ्रेम, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. चुका ते त्यात लपवत नसत. 'झाकण काढायचं विसरलो. तीन तास अंधाराचे फोटो. गाढवपणा माझाच.' खोडायचे मात्र कधीच नाहीत. मी वही उघडली आणि त्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'कोऱ्या फ्रेम नाहीत. कॅमेरा दादाने पुसला.' पेन इतकं दाबलं की पुढच्या तीन पानांवर वळ उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळकाका आले. बाबांचे जुने मित्र, बाजारात घड्याळं दुरुस्त करतात, छपराचे रूळ त्यांनीच बसवलेले. मी तिन्ही थर एकमेकांवर बसवले होते. सोनेरी पाकळ्या, मध्ये निळं, आणि त्यावर अकरा राखाडी कडी, ओल्या पेल्यांचे टेबलावर डाग पडतात तशी.

"यात काय अवघड आहे?" काका चष्मा वर करून म्हणाले. "आजूबाजूचा रंग घे आणि फासून टाक वरून. कोणाला कळतंय?"

"बाबांना कळलं असतं."

"तुझा बाप तर छापलेल्या कॅलेंडरमध्येही चुका शोधायचा. जाऊ दे ना आता. तो स्वतःच वर जाऊन बसलाय, बघेल तिथून."

सात आठवडे हे ऐकत होते मी. वर गेले, तारा झाले. तारा म्हणजे काय हे ज्या माणसाला चांगलं ठाऊक होतं, त्याच्याबद्दल. "काका," मी म्हटलं, "तिथून काही दिसत नाही. धूळ असते." काका चहा न घेताच गेले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा वर आला. हातात वही होती.

"हे खोड."

"खोडायचं नसतं त्यात."

"आईने वाचलं तर? माझ्या मुलांनी? आजोबांचा शेवटचा फोटो आपल्या बाबाने बिघडवला?"

"बिघडवलाच आहेस. दोन वर्षांचं काम होतं ते, दादा. आणि तुला फडका मारायचा होता."

"मी कॅमेरा पुसायला आलोच नव्हतो!" तो ओरडला आणि मग एकदम आवाज खाली आणला. "फरशी पुसायला आलो होतो."

मला वाटलं तो काहीतरी कारण रचतोय. मग त्याने दुर्बिणीच्या लोखंडी खांबाकडे पाहिलं. खांबाच्या पायाशी, तळाच्या पट्टीच्या टोकाकडे.

आम्हाला सगळ्यांना सांगितलं होतं की बाबा खाली, अंथरुणात, झोपेत गेले. आई तेव्हा मावशीकडे होती. दादाच सकाळी त्यांच्याकडे गेला होता.

"इथे पडले होते," तो म्हणाला. "डोकं त्या टोकावर. छप्पर उघडं. मी उचलून खाली नेलं, अंथरुणावर ठेवलं, चेहरा पुसला. डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले हृदयच थांबलं, पडले ते नंतर. आईला कसं सांगणार होतो? रात्रभर एकटे इथे, थंडीत. नंतर फरशी पुसायला आलो, आणि मग थांबताच येईना. खांब पुसला, नळी पुसली, जे हाताला लागेल ते."

"मला सांगायचं होतंस."

"तुला? तू आल्या आल्या फ्रेम विचारल्यास."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. त्याचा, आणि डॉक्टरांनी जिना बंद केलेला असताना रोज चढणाऱ्या त्या माणसाचा.

"आणि ते यंत्र," दादा म्हणाला. "मी आलो तेव्हा चालूच होतं. लाल दिवा लुकलुकत होता, जसं काही झालंच नाही. बंद कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी आधी वायर उपटली. बाबांना हात लावायच्या आधी. कळतंय तुला? आधी वायर."

"चालू होतं?"

"सांगतोय ना."

"उजाडलं होतं?"

"लख्ख. का?"

बाबा रोज सकाळी रात्रीच्या फ्रेम कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या संगणकातून आपल्या लॅपटॉपवर आणत आणि मोजून वहीत लिहीत. त्या सकाळी त्या कोणी आणल्या नव्हत्या. छोटा संगणक तिसऱ्या खोक्यात होता, चिठ्ठी लावून. वायर दादानेच जोडली.

त्या रात्रीच्या अठ्ठेचाळीस फ्रेम होत्या. एकेक दहा मिनिटं, सगळ्या ऑक्सिजनच्या. पहिल्या त्रेचाळीस काळ्या, नेटक्या, एकही तारा हललेला नाही. चव्वेचाळिसावी जराशी फिकट. पंचेचाळिसाव्या आणि सेहेचाळिसाव्या फ्रेममध्ये आभाळ राखाडी झालं होतं, तारे पुसट, आणि त्या राखाडीवर स्वच्छ, रेखीव कडी. धुळीची. शेवटच्या दोन नुसत्या पांढऱ्या, उजेडाने इतक्या जळालेल्या की धूळही दिसत नव्हती.

"हे काय?" दादाने विचारलं.

"धूळ," मी म्हटलं. "तीच."

त्या दोन राखाडी फ्रेम मी कोऱ्या म्हणून वापरल्या; कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ तिन्ही फिल्टरना एकच असते. संध्याकाळपर्यंत अकरातली नऊ कडी गेली. दोन राहिली, कोपऱ्यात, ती दुसऱ्या फिल्टरवरची होती. त्यांच्यावर मी रंग फासला नाही. काळ्या त्रेचाळीस फ्रेमही निळ्या थरात घातल्या. त्यातल्या कितींच्या वेळी बाबा उभे होते, हे फाइलींच्या वेळांवरून कळत नाही, आणि मी ते शोधायला गेले नाही. मध्यभागीचं निळं त्यांनी भरून आलं.

आईला फोटो दाखवला. तिने लांबून पाहिला, जवळून पाहिला. "कोपऱ्यात डाग आहेत."

"राहू देत," दादा म्हणाला.

मी अजूनही त्याच्यावर रागावलेली होते. सात आठवडे त्याने मला खोटं सांगितलं होतं, आणि ते मी सहजासहजी सोडणार नव्हते. निघायच्या आधी वही त्याच्यासमोर ठेवली. माझी ओळ तशीच होती. तिच्याखाली त्या रात्रीची तारीख घातली, फिल्टर लिहिला, आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"किती लिहू?"

"त्रेचाळीस. आणि कोऱ्या दोन."

त्याने लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात, यंत्रांच्या नोंदी करायच्या त्याच्या त्या चौकोनी अक्षरात, 'सकाळी वायर काढली.'