हंसाबाईंची चुकीची तारीख

पांढराशुभ्र म्हणून मला विकत घेतलं होतं, मित्रांनो. आता माझ्या अंगावर इतक्या पुसट नावांचे डाग आहेत की मी राखाडी दिसतो. मी एक जुना फळा आहे. नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यातल्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात भिंतीवर टांगलेला.

वालीवच्या एका कारखान्यात माझा पत्रा कापला गेला. काही वर्षं मी एका शिकवणीत मुलांची गणितं अंगावर घेतली. मग इथं आलो. ॲनी सिस्टरनं काळी पट्टी चिकटवून माझ्यावर रकाने आखले. नाव, आले कधी, पहिला दिवस, पाचवा दिवस, चौदावा दिवस. नवं माणूस आलं की त्याच दिवशी बघायचं, उठताना तोल जातो का, अंगावर जखम आहे का, घास नीट गिळतं का. तोल जात असेल तर मनगटाला पिवळी पट्टी, खाटेला कठडा आणि हाताशी घंटी. पाचव्या दिवशी चालणं, चौदाव्या दिवशी सगळं, स्मरणसुद्धा. सगळे माझ्याकडे बघून कामाला लागत. तपासायला आलेले एक डॉक्टर म्हणाले होते, "हा फळा इथला अर्धा स्टाफ आहे." त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

हंसाबाई आल्या ती सर्वपित्री अमावास्येची संध्याकाळ होती. जूचंद्रच्या, भाताची शेती केलेल्या. तापातून उठल्या होत्या, पायांत बळ नव्हतं. महिनाभर इथं राहायचं आणि दिवाळीला आपल्या पायांनी घरी जायचं, असं ठरवूनच आल्या होत्या.

"बाय, दिवालीला करंज्या मीच करनार हा," त्यांनी ॲनीला आल्या आल्या बजावलं.

"करा ना आजी. मला डबा पाठवा म्हणजे झालं."

ॲनीनं माझ्यावर नाव लिहिलं. तारीख लिहायला हात उचलला, तेवढ्यात मुलगा, हरेश, पुढे झाला. "सिस्टर, आजची नका टाकू. अमावास्या आहे. उद्या घट बसतात, उद्याची टाका. आईचं नवीन ठिकाणी पाऊल चांगल्या दिवशी पडू दे."

"तारीख उद्याची टाकते, पण तपासणी आत्ताच करून घेते," ॲनी म्हणाली.

व्यवस्थापक श्रीरंगराव खुर्चीतून म्हणाले, "वा! माणूस उद्या येणार आणि तपासणी आज झालेली? कागद जुळायला नकोत? तपासणीला उद्या सकाळी दहाची वेळ लिहा."

ॲनीनं लिहिलं. मी ते धरून ठेवलं. माझं काम तेवढंच.

मित्रांनो, अमावास्येनं हंसाबाईंचं काही वाकडं केलं नव्हतं. तो पितरांचा दिवस. नेमानं व्रत करणाऱ्याला ठाऊक असतं, उपास मोडला तरी देव सांभाळून घेतो. पण देवासमोर खोटी तिथी कुणी सांगत नाही.

सकाळी सहाला हंसाबाई उठल्या. घट बसायचे होते आणि आंघोळीशिवाय त्यांनी जन्मात कधी घटाला हात जोडले नव्हते. मनगटाला पट्टी नाही, खाटेला कठडा नाही, घंटी नाही. न्हाणीघराच्या दारात त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

हरेश धावत आला. "काल आल्या आल्या का नाही बघितलं?"

"काल?" श्रीरंगरावांनी माझ्याकडे बोट केलं. "दाखल आज झाल्यात. तपासणी दहाची होती. त्याआधीच उठल्या, त्याला आम्ही काय करणार?"

हरेशनं माझ्याकडे पाहिलं. तारीख त्यानंच मागितली होती.

ऑपरेशन होऊन हंसाबाई दहाव्या दिवशी परत आल्या. वॉकर धरून दातओठ खात चार पावलं टाकायला लागल्या. चौदाव्या दिवशी ॲनी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली. गावाचं नाव, मुलाचं नाव, किती नातवंडं, सगळं बरोबर आलं.

"इथं पहिल्यांदा कधी आलात, आजी?"

"सर्वपित्रीला. दुपारी पितरांचा पान टाकला न् सांजचे आलो. तू होतीस ना इथंच."

ॲनीनं मान वर करून माझ्यावरची तारीख पाहिली. श्रीरंगराव मागे उभे होते. तिनं त्या प्रश्नापुढे फुली मारली.

"काय लिवलंस, बाय?"

"काही नाही, आजी."

त्या एका फुलीवर कागदावर 'स्मरण कमी' आलं. हरेश दिवसभर कामावर, आणि स्मरण कमी असलेलं माणूस घरात एकटं ठेवता येत नाही. त्यानं मुक्काम वाढवण्याच्या कागदावर सही केली. दिवाळीत इथंच सगळ्यांना दोन दोन करंज्या वाटल्या. हंसाबाईंनी त्या ताटातच ठेवल्या.

मित्रांनो, माझ्यावर जे लिहाल ते मी खरं मानूनच मिरवतो, नाही म्हणायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरचं कुणी कधी अशा ठिकाणी आलं, तर शेजारी उभे राहा. कधी आलात, ते त्यांनाच विचारा. आणि ते सांगतील तीच तारीख लिहायला लावा.