तोंगुलाखचा पंप

"तीस हिवाळे या नदीवरून ट्रक हाकलाय मी. मला बुडवणारं पाणी अजून जन्माला यायचंय!"

स्पिरिदोनने हे जाहीर केलं तेव्हा ट्रक गोठलेल्या नदीच्या बरोबर मध्यावर होता आणि त्याची दोन्ही दारं सताड उघडी होती. वेळ आलीच तर पटकन उडी मारता यावी म्हणून.

शेजारी बसलेल्या अकुलिनाने कपाळाला हात लावला. "म्हाताऱ्या, आजीच्या पाठीवर बसून आजीलाच डिवचतोस? उतर. माफी माग."

नदीला तिकडे कुणी नावाने हाक मारत नाही, आजी म्हणतात. आजीसमोर फुशारकी मारली, तर खाली उतरून तिला धिरडी वाढावी लागतात.

"पोचल्यावर मागतो की."

"पोचायचं कुणी ठरवायचं? तू?"

स्पिरिदोनने ट्रक थांबवला. एप्रिलचा, वितळायला लागलेला बर्फ चालता ट्रक सोसतो, उभा सोसत नाही. हे त्याला ठाऊक होतं, तिलाही होतं. पण त्यांच्या संसारात ठाऊक असलेल्या गोष्टींचा उपयोग क्वचितच झाला होता.

त्याने लोण्यातली दोन धिरडी बर्फावर ठेवली. "आजी, तोंड सैल आहे माझं. पण तोंगुलाख गावातली घरं तापवणारा बॉयलर तीन दिवस बंद आहे. पोरं टोप्या घालून झोपतायत. हा पंप तेवढा पोचू दे."

आजीने ऐकून घेतलं आणि 'कट्ट' असा आवाज केला. मागच्या चाकांभोवती पाणी चढू लागलं.

"झालं समाधान?" स्पिरिदोन म्हणाला.

"माझ्याकडे काय बघतोस? पंप काढ!"

पिठाची पोती तशीच सोडून दोघांनी ऐंशी किलोचा पंप खाली उतरवला, एका फळीला बांधला, दोर खांद्यावर घेतले आणि घोट्याएवढ्या पाण्यातून ओढायला सुरुवात केली. काठ दोन किलोमीटरवर होता. मागे इंजिन थोडा वेळ घरघरत राहिलं. मग बुडबुडे ऐकू आले. मग काहीच नाही.

"अठरा वर्षं हाच ट्रक चालवलास. एकदा बघ तरी वळून," अकुलिना हळूच म्हणाली.

"बघायचं म्हणजे थांबायचं. थांबलं की काय होतं, ते आत्ताच बघितलं. ओढ."

तिने ओढलं.

दुपारी गावात पंप बॉयलरला बसवला. नळ्या खडखडल्या, मग कोमट झाल्या, आणि बॉयलरघरात जमलेल्या बायांनी त्यांना गाल टेकवले. गावप्रमुख अनानी स्टुलावर चढला. भाषणाची अशी संधी त्याला वर्षातून एकदाच मिळत असे.

"स्पिरिदोन दादा, स्वतःचा ट्रक गमावून तुम्ही गाव वाचवलंत! पिढ्यान्‌पिढ्या तुमचं नाव निघेल. बोला, काय हवं? सन्मानपत्र? पेपरात फोटो? चौकाला नाव?"

टाळ्या थांबल्या. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. स्पिरिदोन भिंतीकडे पाहत होता. अकुलिना तिथे एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती.

"कोरडे मोजे आहेत का कुणाकडे?" तो म्हणाला. "बाईच्या मापाचे."