शंभराला आठने भागा

आमचा धंदा इमारतींचे नकाशे छापून देण्याचा. कुणाच्या घरात नळ फुटला, कुणाला मधली भिंत पाडायची असली, की माणसं आमच्याकडे येतात, कारण बावीस वर्षांचे नकाशे स्कॅन करून आम्ही जपून ठेवलेत. ते सगळे माझ्या सासऱ्यांनी बसवलेल्या एका लोखंडी कपाटात होते. आत आठ हार्ड डिस्क, सतत घरघरत. अकरा वर्षांपूर्वी वीज गेली तेव्हा त्यातल्या दोन परत फिरल्याच नाहीत, बदलाव्या लागल्या. त्यानंतर बाबांनी ते कपाट कधी बंद होऊ दिलं नाही.

आता ती इमारतच पाडायची होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचला वीज तोडणार होते. कपाट उचलून न्यायची सोय नव्हती, म्हणून ते चालू असतानाच सगळे नकाशे नव्या जागेत पाठवायचे ठरले. त्यासाठी थोरल्या दिरांनी नवी इंटरनेटची लाइन घेतली होती. कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे. माझा नवरा नव्या जागेत, पलीकडच्या टोकाला बसला होता.

शुक्रवारी मी सकाळी नऊलाच हजर झाले. तर भाऊजी म्हणाले, "आत्ता नको. दोनपर्यंत गिऱ्हाइकांची छपाई चालू राहू दे. पाऊण तासाचं तर काम आहे."

"पाऊण तास कुणी सांगितलं?"

"हिशोब केलाय मी." डिस्कवरचे नकाशे कॉम्प्युटरात आणणाऱ्या, कपाटामागच्या रुंद पट्टीसारख्या केबलीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही जुनी केबल चाळीसची. हिने दोन तास लागले असते. नवी लाइन शंभरची. मग पाऊण तास झाला की नाही?"

"भाऊजी, केबलीचे सेकंदाला चाळीस मेगाबाइट आहेत. लाइनीचे शंभर मेगाबिट आहेत. आठ बिट मिळून एक बाइट होतो. शंभराला आठने भागा, साडेबारा येतात."

"आपण शंभरची घेतली आहे ना? मग भागून कमी कशाला करून घ्यायची?"

मी डोळे मिटून घेतले. मग कागद घेतला, आठ चौकोन काढले, त्यांच्याभोवती एक मोठा चौकोन काढला. भाऊजींनी तो कागद सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"हे लाइनीच्या बॉक्सवर कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. लाइन विकणारे बिटमध्ये बोलतात, डिस्कवाले बाइटमध्ये."

"मग जुन्या भाषेत सांग. नवी लाइन म्हणजे अशा किती केबली?"

"एकसुद्धा नाही. हिचा तिसरा हिस्सादेखील नाही."

हे मी बोलायला नको होतं. सव्वादोन महिने खेटे घालून त्यांनी ती लाइन मिळवली होती. त्यांचा चेहरा उतरला आणि आवाज चढला. कंपनीने फसवलं का, तूच काहीतरी उलटं जोडलंयस का, सगळं जग वेडं आहे का. मी पुन्हा चौकोन दाखवले. ते पुन्हा म्हणाले, शंभर चाळीसपेक्षा मोठे असतात. असं करत सव्वादहा वाजले. कपाळ भिंतीवर आपटावं असं वाटत होतं, पण तेवढाही वेळ नव्हता.

बाबा इतका वेळ स्टुलावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सूनबाई, एक मिनिटभर पाठवून बघ. मी घड्याळ धरतो."

मी पाठवायला सुरुवात केली. बाबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि मिनिट संपताच हात वर केला. नवऱ्याने फोनवर सांगितलं, "सहाशे साठ मेगाबाइट आले."

एकूण माल दोन लाख सत्तर हजार मेगाबाइटचा. बाबांनी एका नकाशाच्या पाठीवर भागाकार मांडला. "चारशे नऊ मिनिटं. पावणेसात तास आणि वर चार मिनिटं."

भाऊजींनी तो भागाकार वाचला आणि ते छपाई बंद करायला गेले. सव्वा तास मी हेच सांगत होते.

दहा पस्तीसला खरी सुरुवात झाली. म्हणजे संपायला पाच चोवीस. मध्ये दोनच्या सुमारास भाऊजींनी "फक्त एकच" म्हणत कपाटातून नकाशा उघडला, तशी गती निम्म्यावर आली. मी स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी नकाशा बंद केला.

पावणेपाचला वायरमन आला. मी काही बोलण्याआधी भाऊजीच पुढे झाले. "असं आहे, बिट वेगळे आणि बाइट वेगळे. शंभर दिसतात, पण आठने भागावे लागतात."

वायरमनने पिशवी खाली ठेवली. "साहेब, किती वाजता उरकेल तेवढं सांगा."

"साडेपाच," मी म्हणाले.

"मग मी खालच्या मजल्यापासून तोडत येतो. तुमचा मजला शेवटी घेतो."

खालचे दिवे एकेक करून गेले. पाच वाजून एकतीस मिनिटांनी शेवटचा नकाशा गेला. नवऱ्याने पलीकडे चार-पाच उघडून पाहिले. "उघडतायत," तो म्हणाला. बाबांनी स्वतः बटण दाबलं आणि घरघर पूर्ण थांबेपर्यंत कपाटाला हात लावून उभे राहिले. वायरमनही दारात थांबला.

मी जिन्यात जाऊन बसले. कुणाशी एक शब्द बोलायची इच्छा नव्हती. भाऊजी आले आणि दोन पायऱ्या सोडून खाली बसले.

"तुला वाटलं असेल, मी ऐकतच नाही," ते म्हणाले. "पाऊण तासात होतंय असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. तू साडेबारा म्हणालीस आणि मला काही सुचेनाच."

"मग तसं म्हणायचं होतं."

"म्हणायला हवं होतं."

माझा राग गेला होता असं नाही. डोकं ठणकत होतं आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. पण टेबलं-खुर्च्या अजून उतरवायच्या होत्या आणि उचलायला आम्ही दोघंच होतो. मी उठले. मोठ्या टेबलाची एक बाजू मी धरली, दुसरी त्यांनी.