भेगा लिंपलेलं ढेकूळ

मित्रांनो, अंतरवाली सराटीच्या काळ्या रानातलं मी एक जुनं ढेकूळ. निदान होते तरी. आता मी माती आहे की चित्र, हे माझं मलाच उमगत नाही.

उन्हाळ्यात आमच्या रानाला भेगा पडतात. पाणी दिलं की ते भेगांतून खोल निघून जातं आणि कपाशीची मुळं कोरडीच राहतात. पाणी शिरताना या भेगा आतून कशा मिटतात, हे सुमेधाला पाहायचं होतं. ती याच गावची, आता दूरच्या शहरात एकटी राहून संशोधन करते. लिंबाएवढं, भेगाळलेलं मी तिला पसंत पडले. मला तर कुळवाखाली फुटणं तेवढं ठाऊक!

निघायच्या सकाळी तिच्या आईने, प्रभावतीने, माझा डबा उघडला. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी भिंतीच्या भेगा बुजवतात. लेक असलं फुटकं ढेकूळ मोठ्या लोकांपुढे नेणार? प्रभावतीने ओल्या मातीचा हात फिरवून मला गुळगुळीत केलं. मला वाटलं, माझा सत्कारच चालला आहे.

प्रयोगशाळेत डबा उघडला आणि सुमेधाचा चेहरा उतरला. आतलं चित्र टिपणाऱ्या क्ष-किरण यंत्रावर तिची पाळी त्याच दिवशी होती. पुन्हा वर्षभर मिळणार नव्हती. यंत्रावरचे साहेब म्हणाले, "याला तर एकही भेग नाही."

"आत असतील. ठेवून तर बघू," सुमेधा हट्टाला पेटली.

मला फिरत्या पाटावर बसवलं. क्ष-किरण माझ्या आरपार जाऊ लागले. मी गरगर फिरत होते, वरून पाण्याचे थेंब पडत होते आणि दर गिरकीला यंत्र माझं आतबाहेरचं सगळं चित्र टिपत होतं. मी पाटावर की पडद्यावर? काही कळेना. आतल्या भेगा मात्र जागच्या जागी होत्या. पाणी पिऊन त्यांच्या कडा फुगल्या आणि एकेक भेग मिटत गेली. सुमेधाने टाळ्या पिटल्या. माझा तोवर चिखल झाला होता.

संध्याकाळी यंत्राजवळ बसूनच तिने ती चित्रं फोनवर आईला दाखवली. प्रभावतीने फोन डोळ्यांजवळ धरला.

"आतून इतकं फाटल्यालं होतं? अन् म्या वरून लिंपून दिलं," ती म्हणाली. मग एकदम, "सुमे, तू बी रोज 'बरी हाय' म्हनतीस. बराबर हायस ना?"

"न्हाई आई," सुमेधाचा आवाज फुटला. "लई एकटं वाटून राह्यलंय इथं."

मी गोंधळले. एवढं मोठं यंत्र तिच्या शेजारीच होतं, त्याला हे कसं दिसलं नाही? मित्रांनो, घरातलं कोणी 'बरं आहे' म्हणालं, तर लगेच उठून जाऊ नका. एकदा पुन्हा विचारा.